सहा नद्यांची वाटणी

वाटणीपत्र झाले, चुली वेगळ्या झाल्या, शेताच्या मधोमध नवा बांध पडला, तरी दोघा भावांमध्ये विहीर मात्र सामाईक राहते आणि उताऱ्यावर तिच्या पाण्यातील ज्याचा त्याचा हिस्सा आणे-पैत नोंदलेला असतो, ही गोष्ट आपल्याकडील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. चार दिवस एकाची पाळी, चार दिवस दुसऱ्याची. आणि पाळी चुकली की कज्जा. १९४७ च्या ऑगस्टात पंजाबची वाटणी झाली तेव्हा जे सामाईक राहिले ते विहिरीएवढे लहान नव्हते. सिंधू, झेलम, चिनाब, रावी, बियास आणि सतलज या सहा नद्या, आणि ब्रिटिश अमदानीत जवळजवळ शंभर वर्षे खपून त्यांच्यावर विणलेले कालव्यांचे जाळे, ज्याच्या तोडीचे दुसरे जाळे त्या काळी जगात नव्हते, असा तो ऐवज होता. या जाळ्याने भिजणाऱ्या सुमारे २ कोटी ६० लाख एकर जमिनीपैकी २ कोटी १० लाख एकर पाकिस्तानात गेली आणि उरलेली ५० लाख एकर भारताकडे राहिली; नद्या मात्र साऱ्या भारताच्या बाजूने किंवा काश्मीरमधून उतरून पलीकडे जाणाऱ्या. वरच्या अंगाला एक भाऊ आणि खालच्या अंगाला दुसरा, अशी ही मांडणी होती, आणि दोघांमध्ये नुकतेच रक्त सांडलेले होते.

या पाण्याची वाटणी १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे जवाहरलाल नेहरू आणि जनरल अयुबखान यांच्या सह्यांनी कशी कायम झाली, ती हकीकत या प्रकरणात सांगावयाची आहे. २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केल्यापासून त्याच्याविषयी बरेच बोलले जाते. परंतु तो का झाला आणि कसा झाला हे ठाऊक नसेल, तर त्याच्याविषयी अनुकूल किंवा प्रतिकूल असे कोणतेच मत पक्के करता येणार नाही, असे मला वाटते.

सीमारेषा आखणारे सर सिरिल रॅडक्लिफ हे नामांकित कायदेपंडित होते, पण ८ जुलै १९४७ रोजी ते दिल्लीस येऊन पोचले त्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थान पाहिलाच नव्हता, आणि त्यांच्या हाती पाच आठवडे होते. त्यांची रेषा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाली. रावीवरील माधोपूरची आणि सतलजवरील फिरोजपूरची शीर्षकामे, म्हणजे नदीचे पाणी अडवून ते कालव्यात वळविणारे बंधारे आणि दरवाजे, भारताच्या हद्दीत आली. आणि त्या दरवाजांतून सुटणारे पाणी ज्या रानात पोचत होते त्यातील मोठा भाग पाकिस्तानच्या हद्दीत गेला. अप्पर बारी दुआब कालव्याची लाहोर शाखा लाहोर परिसराला पाणी पुरवीत असे. तिची किल्ली आता परक्या राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे राहिली. दोन्ही पंजाबांच्या अभियंत्यांनी, जे काही महिन्यांपूर्वीपर्यंत एकाच खात्याचे नोकर होते, २० डिसेंबर १९४७ रोजी एक तात्पुरता करारनामा केला : ३१ मार्च १९४८ पर्यंत पाणी पूर्ववत चालू ठेवावे. मुदत टळली, नवा करारनामा झालेला नव्हता, फाळणीच्या वादांसाठी नेमलेल्या लवादाची मुदतही त्याच दिवशी सरली, आणि १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाब सरकारने अप्पर बारी दुआब आणि दिपालपूर या कालव्यांकडे जाणारे पाणी बंद केले.

पंजाबात एप्रिल म्हणजे खरिपाच्या पेरणीची तयारी. अशा वेळी कोरडा पडलेला पाट पाहून शेतकऱ्याच्या काळजात काय झाले असेल, याची कल्पना करण्यास फार दूर जावे लागत नाही. पूर्व पंजाबचे म्हणणे असे होते की नद्या आमच्या, पाणी आमचे, आमच्याही कोरड्या जमिनी आहेत, आणि ज्याला पाणी हवे त्याने आमचा हक्क आधी मान्य करावा. कायद्याच्या दृष्टीने या म्हणण्यात काही बळ होते, हे मान्य करूनही, पेरणीच्या तोंडावर पाणी तोडणे हे कृत्य मला समर्थनीय वाटत नाही. त्या एका महिन्याने पाकिस्तानच्या मनात जे भय बसले ते पुढच्या कोणत्याही कलमाने समूळ निघाले नाही.

वाटाघाटीसाठी पाकिस्तानचे अर्थमंत्री गुलाम मोहंमद दिल्लीस आले, त्यांच्याबरोबर पश्चिम पंजाबचे मंत्री शौकत हयातखान आणि मुमताझ दौलताना होते. आणि ४ मे १९४८ रोजी जो तह झाला त्यावर भारताच्या वतीने नेहरू, पूर्व पंजाबचे सरदार स्वर्णसिंग, आणि केंद्रातील बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री नरहर विष्णू गाडगीळ यांनी सह्या केल्या. पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांची सही या दस्तऐवजावर आहे, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पाणी पुन्हा सुटले. पश्चिम पंजाबने वादग्रस्त रक्कम रिझर्व्ह बँकेत अनामत ठेवावी, पूर्व पंजाबने पाणी एकाएकी तोडू नये, हळूहळू कमी करीत जावे, आणि पश्चिम पंजाबने तेवढ्या अवधीत दुसरी तजवीज करावी, अशी त्यातील व्यवस्था होती. हक्काच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी आपापले म्हणणे राखून ठेवले. हा दस्तऐवज लहान आहे, पण बारा वर्षांनी झालेल्या मोठ्या कराराचे बीज त्यातच आहे : खालच्याने दुसरीकडे पाणी शोधावे आणि वरच्याने त्याला त्यासाठी वेळ द्यावा. दोन वर्षांनी मात्र पाकिस्तानने हा तह दडपणाखाली झाला, असे म्हणून तो नाकारला. एकाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावयाचे होते, दुसऱ्याला तिसऱ्याची मध्यस्थी नको होती, आणि दोन्ही राजधान्यांतील दफ्तरे निषेधाच्या खलित्यांनी फुगत चालली.

अशा स्थितीत १९५१ च्या फेब्रुवारीत डेव्हिड लिलिएन्थल नावाचे अमेरिकन गृहस्थ या भागात येऊन गेले. अमेरिकेतील टेनेसी नदीचे खोरे सात घटक राज्यांच्या हद्दी ओलांडून एकाच प्राधिकरणाच्या हाती देण्याचा जो प्रयोग झाला होता, त्याचे ते एके काळी अध्यक्ष होते. परत गेल्यावर एका साप्ताहिकात त्यांनी लिहिले की सिंधूचे खोरे हे एकच शरीर असून ते निसर्गानेच एक घडविले आहे. दोन्ही देशांनी ते मिळून विकसित करावे आणि जागतिक बँकेने त्यासाठी भांडवल द्यावे. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ही सूचना उचलली आणि त्याच वर्षी दोन्ही पंतप्रधानांना पत्रे पाठविली. लियाकत अलींनी संमती दिली आणि नेहरूंनीही दिली, मात्र अट अशी की बँकेने न्यायाधीश व्हावयाचे नाही. लियाकत अलींचा ऑक्टोबरात रावळपिंडी येथे खून झाला, तरी सुरू झालेले काम थांबले नाही.

ब्लॅक यांनी जे केले ते वरवर साधे वाटते. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि पाणी किती आहे व लागते किती, हा प्रश्न टेबलावर मांडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वकील देतात आणि त्यात एकाची मान खाली जाते; दुसऱ्याचे उत्तर अभियंते देतात आणि त्यात कोणाचीच जाण्याचे कारण नसते. १९५२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे दोन्ही देशांचे अभियंते नकाशे आणि प्रवाहाच्या नोंदवह्या घेऊन बसले. भारताच्या बाजूस निरंजनदास गुल्हाटी होते, ज्यांनी पुढे या सर्व वाटाघाटींवर एक भरघोस ग्रंथ लिहिला. बँकेच्या बाजूस सल्लागार म्हणून जनरल रेमंड व्हीलर होते, ज्यांनी पुढे १९५७ मध्ये बुजलेला सुएझ कालवा मोकळा करून दिला.

पण दोन वर्षांच्या चर्चेनंतर जे हाती आले ते लिलिएन्थल यांच्या स्वप्नाच्या नेमके उलट होते. एकत्र खोरे, एकत्र प्राधिकरण, सामाईक जलाशय यांपैकी काहीच दोघांना पचणारे नव्हते, कारण सामाईक विहिरीला जो परस्परविश्वास लागतो तोच मुळी नव्हता. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी बँकेने स्वतःचा प्रस्ताव मांडला : पाण्याची पाळी लावू नका, नद्याच वाटून घ्या. पूर्वेकडील रावी, बियास आणि सतलज भारताला. पश्चिमेकडील सिंधू, झेलम आणि चिनाब पाकिस्तानला. आणि पूर्वेकडील नद्यांवर आजवर जगलेल्या पाकिस्तानी कालव्यांना पश्चिमेकडील नद्यांचे पाणी जोडकालव्यांनी आणून द्या, ज्याच्या खर्चाचा भार भारताने उचलावा. एक एकर जमिनीवर एक फूट उंच पाणी उभे केले तर जेवढे होते त्याला एकर-फूट म्हणतात. या मापाने पूर्वेकडील नद्यांचे वर्षाचे सरासरी पाणी सुमारे ३ कोटी ३० लाख आणि पश्चिमेकडील नद्यांचे सुमारे १३ कोटी ५० लाख भरते. म्हणजे पाचांतील चार हिस्से पाकिस्तानला आणि एक भारताला.

पश्चिमेचे पाणी पूर्वेकडे नेण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. १९१५ च्या सुमारास ब्रिटिश अभियंत्यांनी तीन कालव्यांची एक साखळी पुरी केली होती, जिच्यात झेलमचे पाणी चिनाबला आणि चिनाबचे रावीपलीकडे पोचविले जात होते. एकसंध पंजाबात जी युक्ती अधिक जमीन भिजविण्यासाठी योजिली गेली, तीच आता दोन शेजाऱ्यांचे पाणी एकमेकांपासून सोडविण्यासाठी उपयोगी पडणार होती.

भारताने हा प्रस्ताव त्याच वर्षी मार्चमध्ये स्वीकारला. पाकिस्तानचे म्हणणे असे पडले की नुसत्या जोडकालव्यांनी भागणार नाही, हिवाळ्यात पश्चिमेच्या नद्याही आटतात, म्हणून धरणे हवीत. आणि १९५६ च्या मे महिन्यात बँकेनेही ते रास्त असल्याचे मान्य केले. धरणे म्हणजे पैसा, आणि पैसा कोणाचा, या एका प्रश्नावर पुढची वर्षे गेली. त्यातच लियाकत अलींच्या मृत्यूपासून १९५८ च्या ऑक्टोबरापर्यंत कराचीत सहा पंतप्रधान होऊन गेले. ज्याची खुर्ची सहा महिन्यांनी राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याने तीन नद्या सोडल्याची सही करावी कशी? अभियंत्यांनी अंकगणित कधीच जुळवून ठेवले होते. उणीव होती ती जबाबदारी पत्करणाऱ्या माणसाची.

ऑक्टोबर १९५८ मध्ये अयुबखानांनी सत्ता हाती घेतली. लोकशाहीच्या अभिमान्याला हे लिहिताना संकोच होतो, तरी हे खरे आहे की करार होण्यास जी सलग अधिकाराची गरज होती ती पाकिस्तानात लष्करी राजवटीने पुरविली. आपल्या आत्मचरित्रात अयुबखान सांगतात की त्यांनी आपल्या अभियंत्यांना व अधिकाऱ्यांना एकत्र बोलावून बजावले, की सर्वोत्तम तोडगा मिळणार नसेल तर ज्यावर जगता येईल असा दुसऱ्या प्रतीचा तोडगा घ्यावयाचा, आणि त्याची जबाबदारी माझी. दिल्लीत नेहरूंपुढील अडचणी वेगळ्या होत्या. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने परकी चलनाची गंगाजळी आटत आणली होती, आणि १९५८ च्या ऑगस्टात जागतिक बँकेने मदत देणाऱ्या राष्ट्रांना भारतासाठी एकत्र बसविले होते. ज्या संस्थेच्या ओसरीवर आपण कर्जासाठी उभे आहो तिने मांडलेला तंटा अर्धवट टाकणे सोपे नव्हते. सतलजवर भाक्राचे धरण उभे राहात होते, त्याच्या कालव्यांतून राजस्थानपर्यंत पाणी न्यावयाचे होते, आणि पूर्वेच्या नद्या निर्वेध हाती आल्यावाचून त्या साऱ्या खर्चाला अर्थ नव्हता. आणि उत्तरेकडे चीन होता. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा आश्रयास आले, ऑगस्टात लोंगजू येथे गोळ्या झडल्या, ऑक्टोबरात कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले. एक सीमा पेटत असताना दुसरी थोडी शांत व्हावी, हे कोणत्याही राज्यकर्त्याला वाटणारच.

१९५९ च्या मे महिन्यात ब्लॅक स्वतः दिल्लीस आणि कराचीस आले. दिल्लीतील भेटीत भारताने द्यावयाच्या रकमेचा आकडा अखेर ठरला : ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ८३ कोटी रुपये, दहा समान वार्षिक हप्त्यांत. उरलेल्या खर्चासाठी बँकेने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पश्चिम जर्मनी यांच्याकडून वर्गणी मिळवून सुमारे ९० कोटी डॉलरांचा सिंधू खोरे विकास निधी उभा केला. दोघा भावांचा कज्जा सोडविण्यासाठी गावाने पदरमोड करावी, तसाच हा प्रकार होता. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत गावाचाही त्यात स्वार्थ होता, हे उघड आहे. पण पैसा खराच आला.

त्या वर्षाच्या १ सप्टेंबरला अयुबखान ढाक्यास जाताना वाटेत पालमच्या विमानतळावर उतरले आणि नेहरूंशी त्यांची पहिली भेट झाली. अयुबखानांनी मांडलेली संयुक्त संरक्षणाची कल्पना नेहरूंनी स्वीकारली नाही. संरक्षण कोणापासून, असा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला दोघांना मान्य होईल असे उत्तर नव्हते. तथापि चर्चेने तंटे मिटवावेत, एवढ्यावर एकमत झाले. यानंतर वर्षभर कराराच्या मसुद्यावर खल चालू राहिला, आणि शेवटी जे सिद्ध झाले त्यात १२ कलमे आणि ८ परिशिष्टे आहेत. परिशिष्टे कलमांहून कितीतरी मोठी आहेत, आणि तेच या कराराचे बळ आहे. पश्चिमेच्या नद्यांवर भारताने काश्मीरमध्ये आणखी ७,०१,००० एकरांपर्यंत जमीन भिजवावी, सर्व मिळून ३६ लाख एकर-फुटांपर्यंत पाणी साठवावे, वाहत्या पाण्यावर वीज करावी पण ते मोठ्या प्रमाणावर अडवू नये, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत बांधून टाकल्या आहेत. दोन्ही देशांचा एकेक आयुक्त मिळून कायमचा सिंधू आयोग. त्यांचे न जुळल्यास तटस्थ तज्ज्ञ. तेथेही न मिटल्यास लवाद न्यायालय. भांडण होणारच हे गृहीत धरून भांडण्याची रीत ठरवून ठेवणे, यात मला फार मोठे शहाणपण दिसते.

कराचीत नेहरू आणि अयुबखान यांच्याबरोबर बँकेच्या वतीने उपाध्यक्ष विल्यम इलिफ यांनी सही केली. त्या वेळी काकासाहेब गाडगीळ चंदीगडला पंजाबचे राज्यपाल होते. ज्या पाण्याविषयी त्यांनी १९४८ मध्ये दिल्लीत सही केली होती, ते आता त्यांच्या प्रांताच्या नावे कायम झाले.

सह्या झाल्यावर दोघे नेते रावळपिंडीच्या उत्तरेस मरी या थंड हवेच्या ठिकाणी गेले आणि तेथे काश्मीरविषयी बोलले. पाण्याने जी वाट काढून दिली तिच्यावरून पुढचे पाऊलही टाकता येईल, अशी अयुबखानांची अपेक्षा होती. आहे ती व्यवस्था ढवळली तर भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटेल, असे नेहरूंचे म्हणणे होते. बोलणे सौजन्याचे झाले आणि निष्फळ ठरले. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पाण्याचा प्रश्न सुटला तो त्याचे माप घेता येत होते म्हणून. जेवढे पाणी गेले तेवढे दुसरीकडून आणता येत होते, न आणता आले तर त्याची किंमत मोजता येत होती. काश्मीरला दोघांच्याही लेखी असे माप नव्हते. पाण्याच्या वाटाघाटींत आठ वर्षे जी तयारी अभियंत्यांनी करून दिली होती, तशी कोणतीही तयारी मरीच्या टेकडीवर दोघांच्या मदतीस नव्हती.

मायदेशी नेहरूंचे स्वागत उत्साहाने झाले नाही. ३० नोव्हेंबर १९६० रोजी लोकसभेत चर्चा झाली तेव्हा, आपण पाणीही दिले आणि वर पैसेही दिले, असा टीकेचा सूर खुद्द काँग्रेसच्या बाकांवरूनही निघाला. या रकमेने आपण समेट विकत घेतला असे हवे तर म्हणा, अशा आशयाचे उत्तर नेहरूंनी दिले. टीकाकारांचे म्हणणे आज वाचताना सर्वस्वी निराधार वाटत नाही. काश्मीरच्या रहिवाशांना आपल्या दारावरून वाहणाऱ्या नद्यांवर जे निर्बंध आले, त्यांविषयी त्यांना कोणी विचारले नव्हते, ही खंत तर खरीच आहे. पलीकडेही किंमत चुकवावी लागली. झेलमवरील मंगला धरणाखाली जुने मीरपूर गाव गेले, लाखाहून अधिक माणसे उठली, आणि त्यांतील अनेक कुटुंबे इंग्लंडातील गिरण्यांच्या गावी जाऊन स्थिरावली.

पण कालवे खणले गेले. रसूलपासून कादिराबाद, कादिराबादपासून बल्लोकी, चष्मापासून झेलम, असे आठ जोडकालवे एकामागून एक पुरे झाले. १९६५ चे युद्ध झाले त्या वर्षीही भारताचा हप्ता चुकला नाही. नेहरू १९६४ च्या मेमध्ये निवर्तले, अयुबखान १९६९ च्या मार्चमध्ये पायउतार झाले. करारातील दहा वर्षांचा संक्रमणकाळ ३१ मार्च १९७० रोजी संपला आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वेकडील तिन्ही नद्यांचे पाणी पूर्णपणे भारताचे झाले. तारीख १ एप्रिलच होती, खरिपाच्या तयारीचे तेच दिवस होते. फिरोजपूर आणि माधोपूर येथून पलीकडे पाणी देण्याचे बंधन संपले होते, आणि लाहोरच्या बाजूच्या कालव्यांत त्या वर्षी चिनाब-झेलमचे पाणी वाहात होते.